अर्ध्या तासाची पाळी

निझव्यात करतेस काय, असं कुणी विचारलं
की सांगते, गोगलगायींना शिकवते.
हसतात. हसू देत.
खरं काम त्याहून लहान आहे.
काचेच्या भांड्यात तळ्याचं पाणी,
त्यात वीस मिनिटं नायट्रोजनचे बुडबुडे.
प्राणवायू निघून गेला की
तेरा नंबर काचेवरून हळूहळू वर येते
(नंबर मीच घातलाय, शंखावर, लाल नेलपेंटने),
पाण्याच्या कडेला टेकते
आणि कुशीतलं श्वासाचं भोक उघडते,
तिळाएवढं.
तिथे मी काडीने टोचते.
लागत नाही तिला.
‘नको’ एवढंच कळायला हवं,
डॉक्टर शमसा म्हणतात.

भोक मिटतं. ती खाली जाते.
पुन्हा येते. पुन्हा काडी.
वहीत चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
अर्धा तास.

या गावात पाणीही अर्ध्या तासांनी मोजतात.
फलजच्या पाटावर बागेबागेची पाळी,
एका पाळीला अथर म्हणायचं.
हमूदचे आजोबा ताऱ्यांकडे बघून सांगायचे
कुणाचा अथर सरला.
हमूद मोबाईल बघतो
आणि चिंध्या-दगडांचा बांध हलवतो.
त्याच्याच पाटातून आणल्या या,
खजुरांच्या सावलीत शेवाळाला चिकटलेल्या.
यांना काय येणार, तो म्हणाला.
मी म्हटलं, आमच्यात म्हणतात,
गोगलगाय नि पोटात पाय.
माझ्या अरबीत त्या पोटाचं काय झालं कोण जाणे,
दुसऱ्या दिवशी तो माझ्यासाठी
वाळल्या लिंबाचा काढा घेऊन आला.

त्याच दिवशी, तसल्याच पाण्यात,
तेरा नंबर एकदाच वर आली.
थांबली.
उघडलं नाही तिने.
कातडीतून झिरपेल तेवढ्यावर भागवत राहिली.
डॉक्टर खूश. स्मृती तयार झाली.
मूठभर पेशींत कुठेतरी, रातोरात,
माझी काडी तिच्यात राहायला गेली होती.
शिकवल्या शिकवल्या ज्यांना गारठ्यात ठेवलं
त्यांना काही म्हणजे काही आठवेना.
त्या येतच राहिल्या वर, भाबड्या.

जुई आत्याकडे असते, संगमेश्वरला.
तिथलं घड्याळ दीड तास पुढे.
तिची शाळा सुटते तेव्हा मी काचेपाशी.
पहिल्या वर्षी रोज फोन यायचा.
आई, आज दप्तरात बेडूक...
आत्ता नको गं, कामात आहे.
आई, माझा दात...
नंतर, हं?
आई...
रात्री बोलू.
हळू आवाजात. लागणार नाही असं.

हल्ली तिचा फोन येत नाही.
मी केला तर पडद्याच्या कडेला येते.
जेवलीस? हो.
शाळा? बरी.
आत्या कौतुकाने सांगते, शहाणी झाली हो पोर,
कशाचा म्हणून हट्ट नाही.

परवा डॉक्टरांना विचारलं,
मग या विसरतात कशा?
नुसते दिवस गेल्याने नाही, त्या म्हणाल्या.
वर येऊच दिलं नाही
तर उलट जास्त दिवस धरून बसतात.
विसरायलासुद्धा वर यावं लागतं.
उघडावं लागतं.
आणि काडी नसावी लागते,
पुन्हा पुन्हा नसावी लागते.
त्या हातमोजे काढत बोलत होत्या,
मी भांडी विसळत होते.

आज गुरुवार. सगळे लवकर गेले.
साडेतीनला काडी ड्रॉवरमध्ये ठेवली
आणि फोन लावला.
त्या बेडकाचं पुढे काय झालं गं?
कुठला बेडूक?
तुझ्या दप्तरातला.
ती गप्प.
मीही गप्प राहिले, नेटाने,
जेवलीस का तेवढं विचारलं नाही.
बाहेर हमूदने बांध हलवला असावा,
पाटाचा आवाज बदलला.
पडद्यावर तिचा अर्धाच चेहरा होता,
एक डोळा, एक वेणी,
आणि ओठ,
अजून मिटलेले.